डीनो ब्राव्हो
डीनो ब्राव्हो म्हणजे अडोल्फो ब्रेशानो, टीव्हीवर दिसते त्या प्रो रेसलिंगमधला पैलवान. जन्म ६ ऑगस्ट १९४८, इटलीतलं कॅम्पोबासो, पण नाव कमावलं ते कॅनडात, माँट्रियलच्या रिंगमध्ये. १० मार्च १९९३ ला माँट्रियलला लागून असलेल्या लाव्हालमध्ये, राहत्या घरातच त्याला गोळ्या घालून मारलं, तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. ही केस आजपर्यंत सुटलेली नाही.

आधी एक गोष्ट क्लिअर करू, कारण आपल्याकडे कुस्ती म्हटलं की लाल माती आणि चितपट डोळ्यासमोर येते. ब्राव्होची रेसलिंग ती नव्हे. यात कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं, पैलवान हीरो किंवा व्हिलनचं काम करतो, पण अंगावर पडणारा मार, पाठीची वाट लागणं, वर्षातले कितीतरी दिवस गाडीत आणि विमानात काढणं, हे सगळं खरंखुरं असतं.

गिनो ब्रितोच्या तालमीत तयार होऊन तो १९७० मध्ये रिंगमध्ये उतरला. सुरुवातीची वर्षं टॅग टीममधली, म्हणजे दोघादोघांच्या जोड्यांच्या लढतींमधली, अमेरिकेत कॅरोलिनाकडच्या भागात मिस्टर रेसलिंग (टिम वूड्स) बरोबर बेल्ट, म्हणजे किताब, घेतले, मग मार्च १९७८ मध्ये डॉमिनिक डीनुचीला जोडीला घेऊन न्यूयॉर्कवाल्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफचा (पुढे हीच कंपनी डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि आता डब्ल्यूडब्ल्यूई) टॅग टीम किताब मिळवला, तो जूनमध्ये गेला. पण त्याचा खरा जम बसला माँट्रियलमध्ये. लुत इंतरनास्योनाल ही तिथली लोकल कंपनी, तो तिचा टॉपचा हीरो होता आणि पुढे धंद्यात पार्टनरही झाला. क्वेबेकच्या, म्हणजे माँट्रियल ज्या प्रांतात आहे तिथल्या, फ्रेंच बोलणाऱ्या लोकांना तो आपला माणूस वाटायचा, आणि माझ्या मते त्याला समजून घ्यायचं तर हीच वर्षं बघायला हवीत, नंतरची टीव्हीवरची नाही.

१९८० च्या दशकाच्या मध्यात डब्ल्यूडब्ल्यूएफने एकेका भागातल्या लोकल कंपन्या गिळायला सुरुवात केली आणि माँट्रियलही त्यातून सुटलं नाही. ब्राव्हो त्यांच्याकडे गेला. केस रंगवून एकदम सोनेरी केले आणि गावचा हीरो व्हिलन झाला. १९८७ च्या रेसलमेनिया ३ (डब्ल्यूडब्ल्यूएफचा वर्षातला सगळ्यात मोठा शो) नंतर ब्रूटस बीफकेकच्या जागी तो ग्रेग व्हॅलेंटाइनचा टॅग टीममधला जोडीदार झाला, पुढे फ्रेंची मार्टिन हा मॅनेजर मिळाला, जो अमेरिकेला नावं ठेवणारी पाटी हातात घेऊन फिरायचा, आणि ब्राव्होला ‘जगातला सगळ्यात ताकदवान माणूस’ म्हणून विकलं गेलं. जानेवारी १९८८ मध्ये हॅमिल्टनला झालेल्या पहिल्या टीव्हीवरच्या रॉयल रंबल या शोमध्ये त्याने ७१५ पाउंड म्हणजे साधारण ३२४ किलोचं बेंच प्रेस (बाकावर पाठीवर पडून वजन उचलणं) ‘वर्ल्ड रेकॉर्ड’ म्हणून केलं. शेवटी कॉमेंटेटर जेसी व्हेंचुराने हात लावून मदत केल्याचं टीव्हीवर स्पष्ट दिसतं, म्हणजे तो शोचाच भाग होता, पण त्याची ताकद खोटी नव्हती, तो खरोखर दांडगा होता. १९८९ मध्ये प्रेक्षकांतून ‘सहज’ उचलल्यासारखा रिंगमध्ये आणलेला जॉन टेंटा, म्हणजे अर्थक्वेक, त्याच्याच सेगमेंटमधून पुढे आला. रेसलमेनिया ७ मध्ये (१९९१) ब्राव्हो केरी व्हॉन एरिककडून हरला आणि १९९२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफमधून बाहेर पडला. आपल्याकडे केबल घरोघरी पोचली तोपर्यंत याचा खेळ संपला होता, म्हणून हल्क होगन माहीत असलेल्या पिढीलाही हे नाव फारसं माहीत नसतं.

रिंग सुटल्यावर काय? या धंद्यात पैलवान कंपनीचा नोकर धरला जात नाही, तो कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस, त्यामुळे पेन्शन वगैरे काही नाही. ब्राव्होने माँट्रियलमध्ये नवीन पोरांना शिकवायला घेतलं, पण टीव्हीच्या दिवसांत लागलेलं राहणीमान त्यावर कसं चालणार? इथेच सिगारेटच्या स्मगलिंगचा विषय येतो. तेव्हा कॅनडात सिगारेटवर टॅक्स प्रचंड होता, एक्सपोर्टच्या नावाखाली माल बिनटॅक्सचा अमेरिकेत जायचा आणि सीमेवरच्या मोहॉक या मूळनिवासी लोकांच्या वस्त्यांमधून परत येऊन निम्म्या भावात विकला जायचा. या धंद्यात ब्राव्हो होता, असं त्याच्या जवळच्या पैलवानांनी नंतर सांगितलंय, आणि जिवाला धोका आहे हे त्याला कळलं होतं असंही. माँट्रियलचा माफिया बॉस विक कोत्रोनी त्याचा लग्नाच्या नात्याने काका लागायचा असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं, पण कोत्रोनी १९८४ मध्येच वारला होता, तेव्हा सगळं खापर त्या नात्यावर फोडणं मला पटत नाही.

त्या रात्री तो घरी टीव्हीवर हॉकीची मॅच बघत होता असं सांगतात. बातम्यांप्रमाणे १७ गोळ्या लागल्या, सात डोक्यात आणि दहा अंगात. बायको घरी आली तेव्हा तो मेलेला सापडला. दार फोडल्याची खूण नव्हती, म्हणून मारणारा ओळखीचाच असावा असा अंदाज धरला गेला. रेसलिंगसाठी ते दिवसच वाईट होते, जानेवारीच्या शेवटी आंद्रे द जायंट गेला, १८ फेब्रुवारीला केरी व्हॉन एरिकने आत्महत्या केली आणि तीन आठवड्यांत हा.

अकरा महिन्यांनी, फेब्रुवारी १९९४ मध्ये, कॅनडा सरकारने सिगारेटवरचा टॅक्स एकदम खाली आणला, कारण स्मगलिंग हाताबाहेर गेलं होतं. २००८ मध्ये दोन मोठ्या सिगारेट कंपन्यांनी त्या काळातल्या स्मगलिंगला मदत केल्याबद्दल गुन्हा कबूल केला, दंड आणि भरपाई मिळून रक्कम ११० कोटी डॉलरच्या वर गेली. ब्राव्होच्या खुनात मात्र एकावरही आरोप ठेवला गेलेला नाही. कॅनडात खुनाच्या केसला मुदत नसते, त्यामुळे कायद्याने ती फाइल अजूनही बंद झालेली नाही.