वन्यजीव मंडळे, खानदेशातील

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत वन्यप्राणी, पक्षी, साप आणि जंगल यांसाठी नोकरीधंदा सांभाळून काम करणारे स्थानिक गट. कोणी स्वतःला निसर्गमित्र म्हणवतो, कोणी पक्षिमित्र, कोणी सर्पमित्र. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र या सगळ्यांना एकच नाव असते, ‘ते सापवाले’. यांतील काही मंडळे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्था आहेत, तर काही म्हणजे पाच-सात मित्र आणि दोन मोटारसायकली. सदस्यांत शाळामास्तर, भुसावळच्या रेल्वेतले आणि वरणगावच्या आयुध निर्माणीतले कामगार, दुकानदार, महाविद्यालयीन मुले आणि शेतकरी असे सगळे भेटतात. वनखात्याशी त्यांचा दुवा बहुधा ‘मानद वन्यजीव रक्षक’ या पदामार्फत असतो. हे पद बिनपगारी आहे. साप पकडणे हे या मंडळांचे सर्वांना दिसणारे काम. पण त्यांची खरी मिळकत म्हणजे वर्षानुवर्षे भरत गेलेल्या नोंदवह्या.

या कामाला खानदेशात एक वेगळे वळण आहे, ते इथल्या भूगोलामुळे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्रीची टोके आणि मध्ये तापीचे काळ्या मातीचे खोरे. जंगल कडेला राहिले, मधला सगळा पट्टा कापसाने आणि केळीने व्यापला. त्यामुळे एका डोंगरातून दुसऱ्या डोंगरात जाणारे जनावर कोणाच्या तरी शेतातूनच जाते. संरक्षित क्षेत्रे आहेत, पण लहान आहेत आणि एकमेकांपासून लांब आहेत. यावल अभयारण्य (1969) 177.52 चौ. किमी., शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य (1986) 82.94 चौ. किमी., आणि जळगाव व छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या जिल्ह्यांच्या सीमेवरचे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य (1986) सुमारे 261 चौ. किमी. या शेवटच्या नावातला औट्रम म्हणजे 1825 मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स औट्रम. वाघांच्या शिकारीसाठीही तो तितकाच प्रसिद्ध होता. अभयारण्याला शिकाऱ्याचे नाव, हा योगायोग मंडळांच्या शिबिरांत हमखास सांगितला जातो आणि दर वेळी हशा पिकतो.

नोंदीचे मोल काय असते, हे खानदेशाला रानपिंगळ्याने शिकवले. हा लहानसा, दिवसा वावरणारा पिंगळा 1873 मध्ये ह्यूम या ब्रिटिश पक्षितज्ज्ञाने शास्त्राला परिचित करून दिला. जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने 1880 च्या दशकात खानदेशाच्या पश्चिम भागात, शहादा-तळोद्याकडे, त्याचे नमुने गोळा केले. 1884 नंतर पक्षी कोणाला दिसलाच नाही. 1914 चा म्हणून एक नमुना रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षिसंग्राहकाच्या संग्रहात होता आणि त्यावर गुजरातेतल्या तापीकाठच्या मांडवीची चिठ्ठी होती. शोधणारे त्या चिठ्ठीच्या भरवशावर नको तिथे फिरत राहिले. पुढे पामेला रासमुसेन या पक्षितज्ज्ञांनी नमुने तपासले, तेव्हा उघड झाले की तो पक्षी ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, डेव्हिडसननेच जमवलेला होता. ठिकाण आणि तारीख बनावट. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळले आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळच्या सागाच्या जंगलात, निष्पर्ण झाडावर, भर सकाळी रानपिंगळा बसलेला दिसला. मधे 113 वर्षे गेली होती. त्यानंतर फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी त्याच्या वस्तीस्थानांचा अभ्यास केला. तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि पुढे ठाणे जिल्ह्यातल्या तानसापर्यंत तो आढळला. 2018 मध्ये त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ असा झाला. शहादा-तळोद्याच्या जंगलात वाढलेल्यांनी हा पक्षी पाहिला नव्हता असे थोडेच आहे? त्यांना कोणी विचारले नव्हते, एवढेच. आता मंडळांच्या फेऱ्यांत पहिला प्रश्न गुराख्याला विचारला जातो. मग वहीत पक्ष्याच्या नावापुढे अहिराणी किंवा पावरी नाव येते आणि खाली कोणी सांगितले तेही.

रोजचे काम सापांचे. पावसाळ्यात फोन वाढतात, पण खानदेशी खासियत म्हणजे दिवाळीनंतरचे फोन. भाव चढेल या आशेने शेतकरी कापूस विकत नाही; घरातली एखादी खोली आढ्यापर्यंत भरून ठेवतो. कापसात उंदीर शिरतात, उंदरांमागे साप. मग रात्री अकराला फोन येतो : “भाऊ, कपाशीमा साप शे, लवकर या.” पोचेपर्यंत अर्धे गाव अंगणात असते. सर्पमित्र आधी दिवा मागतो, मग घरातली माणसे बाहेर काढतो, मग कापूस उपसायला लागतो. ओंजळीने नव्हे, काठीने, थोडा थोडा. अर्ध्या तासात अंगाला खाज सुटते, नाकातोंडात तंतू जातात. तळाशी सापडतो तो बहुतेकदा कवड्या किंवा धामण, म्हणजे बिनविषारी. पण काळ्या अंगावर पांढरे पट्टे दिसले की हात थांबतो, कारण कवड्या आणि मण्यार यांत घोटाळा होऊ शकतो. पांढऱ्या रेषा मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट होत गेल्या तर कवड्या. शेपटीकडे ठळक, आणि पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असली तर मण्यार. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्यांना तिचा धोका सर्वांत जास्त, म्हणून कापूस भरलेल्या घरात निदान बाजेवर झोपा, हे मंडळे घसा कोरडा होईपर्यंत सांगतात.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिसर्पविष चालते आणि ते सरकारी दवाखान्यात मिळते. तरीही भगताकडे जाऊन दोन तास घालवणारी कुटुंबे आहेत. काही मंडळांनी भगताशी भांडण्याऐवजी त्यालाच हाताशी धरले : झाडफूक कर, पण गाडी सुरू असताना कर. प्रस्तुत लेखकाच्या मते शंभर पोस्टरांपेक्षा ही युक्ती अधिक कामाची ठरली.

पकडलेल्या सापाचे पुढे काय करायचे याला नियम आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 खाली साप बाळगणे, त्याचा खेळ करणे गुन्हा आहे. 2022 च्या दुरुस्तीने नाग, घोणस आणि धामण ही मंडळी अनुसूची 1 मध्ये, म्हणजे वाघाच्याच रांगेत, बसली. साप वनखात्याला कळवून, नोंद करून, पकडलेल्या जागेपासून फार लांब न नेता सोडायचा असतो, कारण अनोळखी रानात नेऊन सोडलेला साप बहुधा तग धरत नाही. वहीत जात, गाव, वेळ, सापडल्याची जागा (कापूस, चूल, न्हाणी, सरपण) आणि सोडल्याची जागा असे रकाने असतात. हे रकाने भरण्याऐवजी गळ्यात नाग घालून फोटो काढणाऱ्यांचा वर्गही आहे. तो मंडळांना सापापेक्षा जास्त त्रास देतो.

वाघाचे काम पूर्वेकडे, मुक्ताईनगर तालुक्यात. वढोदा वनक्षेत्रात, डोलारखेडा-चारठाणा भागात, वाघ राहतो हे गावकरी बोलत होते. कागदावर ते यायला वेळ लागला. ठसे, विष्ठा, गुरांचे मढे आणि ट्रॅप कॅमेऱ्यांतले (जनावर समोरून गेले की आपोआप टिपणारे कॅमेरे) फोटो जमत गेले आणि 2014 मध्ये 122.74 चौ. किमी. क्षेत्र ‘मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव’ म्हणून घोषित झाले. मेळघाटाच्या बाजूने यावलकडे सरकणाऱ्या वाघाला ही मधली विसाव्याची जागा आहे. इथला वाघ केळीत शिरतो. त्यात नवल नाही : मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळिशी ओलांडतो, सागाला पान नसते, आणि केळीच्या बागेत ठिबकचे पाणी, गच्च सावली आणि मागोमाग आलेली रानडुकरे. वाघिणीला पिलांसह याहून चांगली जागा कुठे मिळणार? पण त्याच बागेत पहाटे घड कापायला मजूर जातात.

इथे मंडळाचा कार्यकर्ता वाघ पाहायला जात नाही, पंचनामा करून घ्यायला जातो. गाय मारली गेली की शेतकऱ्याचा पहिला राग वाघावर आणि दुसरा वनखात्यावर. भरपाई मिळते, पण 48 तासांच्या आत कळवावे लागते आणि पंचनामा होईपर्यंत मढे हलवून चालत नाही. सातबारा, बँकेचे पासबुक, गुरांच्या डॉक्टरचा दाखला या कागदांवर प्रकरण अडते. जिथे कोणी हे कागद वेळेत गोळा करून देत नाही, तिथे मढ्यावर विषारी औषध पडते. मग वाघच नव्हे, कोल्हे, तडस, कावळे सगळेच मरतात. रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत सोडलेला करंट हा दुसरा घातक प्रकार. रात्री शेताच्या बांधावरून फिरून आकडा टाकलेली तार कुठे आहे ते पाहणे आणि पोलिसात न जाता आधी त्या शेतकऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसणे, हे काम कुठल्याच अहवालात येत नाही.

बिबट्या मात्र तिन्ही जिल्ह्यांत सगळीकडे. ऊस आणि केळीत राहतो, कुत्री-शेळ्या खातो, कठडा नसलेल्या विहिरीत पडतो. विहिरीत दोर बांधून बाज सोडतात, बिबट्या तिच्यावर चढून बसतो आणि मग पिंजरा उतरवला जातो. या सगळ्यात वनखात्याला मंडळाची गरज बाजेसाठी नसते, काठावरच्या गर्दीसाठी असते. आरडाओरडा थांबला की अर्धे काम झाले. 2017 च्या अखेरीस चाळीसगाव तालुक्यात वरखेडे परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आणि शेवटी जनावराला गोळी घालावी लागली. त्या काळात तिकडच्या गावांत प्राण्यांच्या बाजूने तोंड उघडणे अवघड होते.

पक्ष्यांसाठी सर्वांत मोठी जागा हतनूर. भुसावळजवळ तापीवरच्या या 41 दरवाजांच्या धरणाचा फुगवटा थंडीत चक्रवाक, पट्टकादंब, लालसरी अशा पाहुण्यांनी भरतो. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतात ती 1987 पासून चालू आहे. पहाटे धुक्यात दुर्बिणीशी एक जण बसतो आणि दुसरा लिहितो. बोलणारा थांबत नाही, लिहिणाऱ्याची बोटे गारठतात. थवा उडाला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. याशिवाय संक्रांतीच्या आगेमागे झाडांवरचा नायलॉन मांजा काढणे (2017 पासून त्यावर देशभर बंदी आहे, पण तो मिळतो) आणि फाल्गुन-चैत्रात सातपुड्यात वणवा विझवायला जाणे ही ठरलेली कामे. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, तो विस्तव पुढे पसरतो. जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळा केलेला पट्टा, वेळेत काढली तर निम्मा त्रास वाचतो.

सर्वांत नाजूक विषय जंगलतोडीचा. यावलच्या जंगलात सालई आणि अंजनाची झाडे तुटतात, सालईला डिंकासाठी नको इतक्या खाचा पडतात. याविरुद्ध शहरातली मंडळे मोर्चे काढतात, निवेदने देतात, आणि बरेचदा पावरा, भिल्ल, तडवी या आदिवासींच्या वस्त्यांना एकजात अतिक्रमणवाले ठरवून मोकळी होतात. वनहक्क कायद्याने (2006) 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या कसणुकीला हक्क दिला आहे. त्यानंतरची तोड वेगळी. हा फरक न करणारे मंडळ जंगलातला आपला एकमेव साक्षीदार गमावते. उलट उदाहरण साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचे. तिथे चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावानेच कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, राखणदार नेमले, तोडणाऱ्याला दंड लावला. सुमारे 445 हेक्टर जंगल उभे राहिले आणि रानभाज्यांच्या स्पर्धेसाठी बाहेरगावचे लोक तिथे यायला लागले. पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. बारीपाडा हे मंडळ नव्हे, गाव आहे.

चिमणी दिनाला घरटी वाटणे, उन्हाळ्यात मातीचे परळ वाटणे यांतून वर्तमानपत्रात फोटो येतो आणि वर्गणीही जमते. त्याचा चिमण्यांना किती उपयोग होतो, हे मात्र पुढच्या वर्षी त्या घरट्यांकडे वळून पाहणारेच सांगू शकतील, आणि असे लोक कमी.

वर्षाचा मोठा दिवस बुद्धपौर्णिमा. त्या रात्री यावल, पाल, लंगडा आंबा, पाटणादेवी या भागांतल्या पाणवठ्यांवर वनखात्याचे कर्मचारी आणि मंडळांचे सदस्य मचाणावर बसून येणारे जनावर मोजतात. शास्त्रीय गणना म्हणून आता ती मानत नाहीत, ट्रॅप कॅमेरा अधिक अचूक. पण नवा सदस्य टिकणार की नाही ते इथेच कळते. अत्तर नको, विडी नको, कागदाची पुडीही नको, शिंक आली तर उपरण्यात. संध्याकाळी मोर आणि भेकर, रात्री अस्वल, सायाळ, कधी तडस, नशिबात असेल तर बिबट्या. छापील तक्त्यात वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी, आल्याची दिशा असे रकाने असतात. पहाटे डोळे मिटायला लागले की नवख्याचा मोह असतो, एखादी नीलगाय लिहून टाकावी. जुना सदस्य शेजारी असतो. तो टॉर्चवर बोटे धरून तक्ता पाहतो आणि सांगतो, लिही : दोन ते चार, काही आले नाही.