संवर्धित मशागत, सोलापूरच्या भाजीपाला शेतीतील

जमीन शक्य तितकी कमी हलवून, पेरणी वा लावणीनंतर निदान 30 टक्के पृष्ठभाग पीक अवशेषांखाली झाकलेला ठेवण्याची पद्धत. नांगरट, कुळवाच्या पाळ्या व रोटाव्हेटर टळून डिझेल वाचते.

सोलापूरला 1933 मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. त्याच सुमारास घडत गेलेल्या ‘मुंबई कोरडवाहू पद्धती’त बांधबंदिस्ती, कमी बियाणे व रुंद अंतर यांबरोबर तीन वर्षांतून एकदाच खोल नांगरट सांगितली होती. हीच संवर्धित मशागतीची पूर्वपीठिका धरावी का, याविषयी दुमत संभवते. दरसालची नांगरट तिने वगळली हे खरे. पण ज्वारीचा कडबा वैरणीसाठी घरी येई आणि रान उघडे राही. म्हणून तिला किमान मशागत म्हणणे अधिक सयुक्तिक. खोल काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, भुसभुशीत माती भेगांत उतरते, म्हणजे ती काही अंशी आपोआप नांगरली जाते. हराळी व कुंदा ही चिवट तणे मात्र याने हटत नाहीत. नांगराचा आग्रह टिकला तो बहुधा त्यांच्यामुळे.

भारतीय ऊर्जा-लेख्यांत, म्हणजे शेतीत लागणाऱ्या ऊर्जेच्या हिशेबांत, 1 लिटर डिझेल 56.31 मेगाजूल, 1 युनिट वीज 11.93 व खतातील 1 किग्रॅ. नत्र 60.6 मेगाजूल धरतात. डिझेलचे प्रत्यक्ष उष्णतामूल्य याहून बरेच कमी असल्याने निष्कर्ष ताडताना हे गुणांक पाहणे आवश्यक ठरते. भाजीपाल्यात मोठा वाटा पाणी उपशाचा. हेक्टरी 1 सेंमी. पाणी म्हणजे 1 लाख लिटर. ते 100 मी. खोल कूपनलिकेतून 50 टक्के कार्यक्षमतेच्या पंपाने उपसण्यास सुमारे 54 युनिट, म्हणजे वरील गुणांकांनी साडेअकरा लिटर डिझेलइतकी ऊर्जा लागते. त्यामुळे आच्छादनाने बाष्पीभवन रोखून वाचलेली पाण्याची एखादी पाळीही नांगरटीच्या बचतीशी बरोबरी करू शकते. नांगर थांबवून रान उघडे ठेवल्यास हा लाभ मिळत नाही.

टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपे कायम गादीवाफ्यांवर, ठिबकखाली, उसाच्या पाचटाच्या आच्छादनात लावता येतात. कडब्याला जनावरे वाटेकरी असल्याने येथे पाचटच सोयीचे. ते मातीत मिसळल्यास कुजताना नत्र त्यात अडकते, पिकाला मिळत नाही. भरपाईचे 10 किग्रॅ. नत्र जवळपास 11 लिटर डिझेलइतकी ऊर्जा खाते, म्हणून पाचट वरच राहू द्यावे. कांद्याची लागवड दाट, रोप नाजूक. त्यात जाड आच्छादन अडचणीचे ठरते.