सेल ब्रॉडकास्ट अलर्ट

फोन सायलेंटवर असला तरी अचानक जोरात केकाटतो, थरथरतो आणि स्क्रीनवर चौकट येऊन बसते, ओके दाबेपर्यंत हलत नाही, तो सरकारी इशारा म्हणजे सेल ब्रॉडकास्ट अलर्ट. पूर, चक्रीवादळ, भूकंप, त्सुनामी असल्या वेळेसाठी ही सोय आहे. २० जुलै २०२३ ला टेस्टिंगचा मेसेज आला तेव्हा भरपूर लोकांना वाटलं फोन हॅक झाला, कारण आधी कोणी सांगितलंच नव्हतं ना असा आवाज येतो म्हणून.

हा एसएमएस नाही, ही गल्लत फार होते. एसएमएस एकेका नंबरला जातो, म्हणजे लाखो लोकांना पाठवायचा तर रांग लागते आणि नेटवर्क जाम असेल तर तो दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर येतो. सेल ब्रॉडकास्टमधे टॉवर एकदाच ओरडतो आणि त्याच्या टप्प्यातले जेवढे फोन चालू आहेत ते सगळे ऐकतात, नंबर कोणाचा, सिम कुठल्या राज्याचं याच्याशी देणंघेणं नाही. रेल्वे स्टेशनच्या अनाउन्समेंटसारखं समजा, फक्त ही ऐकू येते.

नियम कसे बदलत गेले ते बघण्यासारखं आहे. आधी इशारा द्यायचं काम मुख्यतः आकाशवाणी आणि दूरदर्शनचं. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी, पण २०११ च्या एफएम फेज थ्री धोरणात ट्रॅफिक, हवामान, पाणी-वीज आणि नैसर्गिक आपत्तीच्या सूचना या बातम्या नाहीत असं धरलं, म्हणून आरजे पाणी कुठे तुंबलंय ते बिनधास्त सांगू शकतो. खरी उडी एप्रिल २०२३ ची. दूरसंचार विभागाने नियम काढला की हे अलर्ट इंग्रजी आणि हिंदीत घेऊ शकत नाही असा फोन, स्मार्ट असो वा साधा बटणाचा, सहा महिन्यांनंतर बनवायचा नाही आणि विकायचाही नाही. म्हणजे जबाबदारी रेडिओ-टीव्ही स्टेशनवरून थेट तुमच्या खिशातल्या डबीवर आली. सुरुवात हिंदी-इंग्रजीने का, हा प्रश्न दादर किंवा भांडुपच्या आजीला विचारून बघा.

त्याच सुमारास आयटी मंत्रालयाने कंपन्यांना सांगितलं की फोनमधे एफएम असेल तर ते बंद करून ठेवू नका. वरवर किरकोळ वाटतं पण मुद्दा पक्का आहे, टॉवरच बंद पडला तर सेल ब्रॉडकास्टही गेलं, रेडिओ मात्र लांबूनही पकडतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत मोबाइल नेटवर्क कोलमडलं होतं, ज्यांनी ती रात्र रस्त्यात काढली त्यांना वेगळं सांगायला नको.

मागची यंत्रणा सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने बनवलेली, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी, नाव ‘सचेत’. ती कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय पद्धतीवर चालते, त्यात प्रत्येक इशाऱ्याला घाई किती, गंभीर किती आणि खात्री किती हे वेगवेगळं भरावं लागतं.

अमेरिकेत उलटं आहे. तिथे रेडिओ-टीव्ही स्टेशनांना इमर्जन्सी अलर्टची यंत्रणा ठेवणं सक्तीचं, पण मोबाइल कंपन्यांनी २०१२ पासून सुरू झालेल्या मोबाइल अलर्टमधे भाग घेणं ऐच्छिक, घेतला की मात्र नियम पाळायचे. १३ जानेवारी २०१८ ला हवाईमधे क्षेपणास्त्र येतंय असा खोटा अलर्ट गेला आणि तो चुकीचा असल्याचा दुसरा अलर्ट यायला ३८ मिनिटं लागली. त्यानंतर खोटा अलर्ट गेल्याचं समजलं की स्टेशनांनी तिथल्या सरकारी दूरसंचार आयोगाला २४ तासांत कळवायचा नियम आला. आपल्याकडेही मे २०२५ मधे, भारत-पाक तणावाच्या दिवसांत, चॅनलवाल्यांना सांगावं लागलं की कार्यक्रमात नागरी संरक्षणाच्या सायरनचा आवाज वाजवू नका, लोकांना त्याची सवय झाली तर खऱ्या वेळी कोण उठणार.

मुंबईची अडचण वेगळी आहे, जागेची. हवामान खात्याचे यलो, ऑरेंज, रेड रंग जिल्ह्याला लागतात, आणि मुंबईत जिल्हे दोनच, शहर आणि उपनगर. २००५ च्या त्या २६ जुलैला २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. अख्ख्या मुंबईला एकच इशारा दिला असता तर कुलाबेकरांनी पुढच्या वेळी तो वाचलाच नसता. टॉवरनुसार छोटा एरिया निवडता येतो हीच सेल ब्रॉडकास्टची मोठी ताकद, पण त्यासाठी मिठी नदी कुठे चढतेय, भरती साडेचार मीटरच्या वर कधी जातेय हे आधी पाठवणाऱ्याला वॉर्डाच्या पातळीवर कळायला हवं. जून २०२० ला सुरू झालेली ‘आयफ्लोज’ ही पूर-इशारा प्रणाली त्याच कामासाठी आहे.

अलर्टचं सेटिंग अँड्रॉइडमधे बहुधा सेफ्टी अँड इमर्जन्सीत सापडतं, आयफोनमधे नोटिफिकेशन्सच्या अगदी तळाला. आवाजाने दचकून लोक तिथे जाऊन सगळंच बंद करून टाकतात, त्यापेक्षा फक्त टेस्ट अलर्टचं बटण वेगळं आहे का ते बघा.