कातायला, रंगवायला, विणायला येण्याआधी

आमच्याकडे चौकशीला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एका दिवसात शाल विणून नेता येईल ना?" नाही येणार, आणि का ते हिशोबाने सांगतो. शालीचा पन्हा ५० सेंटिमीटर धरा आणि दर सेंटिमीटरला ६ धागे धरा. ताण्याचे, म्हणजे उभे, ३०० धागे झाले. शाल २ मीटरची हवी, तर मागाला बांधायची आणि शेवटी वाया जाणारी टोकं धरून प्रत्येक धागा २.७ मीटरचा घ्यावा लागतो. म्हणजे नुसत्या ताण्याला ८१० मीटर सूत. आडव्या बाण्याला आणखी ६०० मीटर. विणताना धागा आखडतो, तेवढी भर घातली की आकडा दीड किलोमीटरला टेकतो. टकळीवर पहिल्यांदा बसलेल्या माणसाच्या हातून दिवसभरात दहा-पंधरा मीटर सलग सूत निघालं, तरी आम्ही त्याची पाठ थोपटतो.

म्हणून आमच्या कार्यशाळा वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. कताई एक दिवस, रंगाई दोन दिवस, विणाई तीन दिवस, वाकळ (गोधडी) आणि दोर प्रत्येकी अर्धा दिवस. कोणतीही एकच केली तरी चालते. एका तुकडीत सहाच जण घेतो, कारण चुकलेला हात बाजूला बसून धरावा लागतो आणि शिकवणाऱ्या आम्ही दोघीच आहोत. पैसे भरण्याआधी हे पत्रक निवांत वाचा.

कताई

शाळेत सूतकताईचा तास केलेली वडीलधारी मंडळी आली की हात आपोआप पेळूकडे, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीकडे, जातो. पण आम्ही नवख्यांना कापूस आधी देत नाही, लोकर देतो. कापसाचा तंतू आखूड आणि गुळगुळीत. जरा जास्त ओढला की सुटतो, आणि दहा वेळा तुटलं की माणूस टकळी खाली ठेवतो. लोकरीचा तंतू लांब असतो, त्याच्यावर बारीक खवले असतात, ते एकमेकांना धरून राहतात. हाताला ओढ कळेपर्यंत लोकर सांभाळून घेते. दुपारनंतर कापूस हातात येतो तेव्हा बोटं तयार झालेली असतात.

ही लोकर आपल्याच सांगली जिल्ह्यातली. अनेक ग्राहक "माडग्याळ मेंढीची लोकर आहे का" असं विचारतात, कारण जत तालुक्यातल्या माडग्याळचं नाव सगळीकडे झालंय. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके आणि पोपटासारखं बाकदार नाक असलेली ती मेंढी देखणी खरी, पण ती पाळतात मांसासाठी. तिच्या अंगावर लोकर फारच थोडी. घोंगड्याची लोकर येते काळ्या-करड्या दख्खनी मेंढीपासून. तिची वर्षातून दोनदा कातरणी होते. ही लोकर राठ असते, अंगाला टोचते, म्हणून बाजारात तिला भाव नाही आणि पुष्कळदा मेंढपाळाला कातरणीची मजुरीही सुटत नाही. आम्ही ती थेट मेंढ्यांच्या वाड्यावरून, ठरलेल्या दराने घेतो. तुमच्या फीमधला एक हिस्सा त्यात जातो, हे तुम्हाला माहीत असावं असं वाटतं.

सकाळी लोकर धुण्यापासून सुरुवात. कोमट पाणी, रिठ्याचा फेस, आणि हात अजिबात न चोळता. गरम पाण्यात चोळली तर तेच खवले एकमेकांत अडकून लोकरीचा नमदा बनतो आणि मग ती कातता येत नाही. (काही जण मुद्दाम नमदा करायलाच येतात. त्यांना दुसऱ्या घमेल्यात गरम पाणी आणि साबण देतो.) आदल्या आठवड्यात धुऊन वाळवलेली लोकर तारांच्या दातांच्या दोन फळ्यांवर पिंजायची, तिचा हलका पेळू करायचा, आणि टकळी.

कातण्यात एकच गोष्ट खऱ्या अर्थाने शिकायची असते: पीळ कुठे जातो ते ओळखणं. पीळ नेहमी आधी बारीक जागी धावतो. जाड जागा पोचट राहते आणि पुढे मागावर तिथेच धागा सुटतो. म्हणून जाड गाठ दिसली की तिथला पीळ दोन्ही हातांनी थोडा उलटा सोडायचा, तंतू हलके ओढायचे आणि पुन्हा पीळ द्यायचा. तोंडी सांगून हे कळत नाही. संध्याकाळी कधीतरी अचानक हाताला कळतं, आणि ते ज्याला कळतं त्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं.

रंगाई

इथे आम्हाला एक जुनी चूक सांगायची आहे. पहिल्या वर्षी आम्ही हळदीत रंगवलेले सुती रुमाल विकले. सांगलीची हळद, पिवळाधमक रंग, रुमाल दोन आठवड्यांत संपले. दोन महिन्यांत ग्राहक ते परत घेऊन आले, कारण उन्हात वाळवून वाळवून ते पांढरट पडले होते. सगळ्यांचे पैसे परत केले. खरं तर हे आपल्या प्रत्येक घरात माहीत असतं. लग्नात साडीला हळद लागली की आजी सांगते, धू आणि उन्हात टाक, डाग जाईल. हळद कापसावर सहज चढते आणि उन्हाने तितक्याच सहज उतरते. आता हळद आम्ही विकत नाही, पण शिकवतो जरूर, कारण तिच्याइतकं चांगलं रंगाचं पहिलं पुस्तक नाही. हळदीत बुडवलेल्या चिंधीवर धुण्याच्या सोड्याचं पाणी टाका, लालभडक होते. लिंबू पिळा, परत पिवळी. घरचं कुंकू हळदीपासून करतात ते याच गुणावर. पाण्यात खार किंवा आंबटपणा असला की रंग बदलतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की आम्ही पाण्याबद्दल इतके काटेकोर का, ते वेगळं सांगावं लागत नाही. बोअरच्या जड पाण्यात आणि पावसाच्या पाण्यात एकाच मंजिष्ठेचे दोन वेगळे लाल निघतात.

टिकणाऱ्या रंगाला तीन पायऱ्या असतात. आधी सूत स्वच्छ करणं: सुताला सोड्याची उकळी, लोकरीला मात्र सोडा कधीच नाही. मग रंग धरून ठेवणारं काहीतरी धाग्यात बसवणं. आणि शेवटी रंग. यातली मधली पायरी लोकांना नकोशी वाटते, कारण तिच्यात डोळ्यांना काहीच दिसत नाही. आम्ही १०० ग्रॅम सुताला २० ग्रॅम हिरडा आणि त्यानंतर १५ ग्रॅम तुरटी घेतो. कापसावर तुरटी एकटी नीट बसत नाही, आधी हिरड्यातला तुरटपणा लागतो. लोकरीला नुसती तुरटी पुरते.

रंगांमध्ये आमचा आवडता डाळिंबाच्या सालीचा. आटपाडीकडून सालं पोत्याने येतात. त्यांत स्वतःचाच तुरटपणा भरपूर असल्याने रंग पक्का बसतो: तुरटीवर पिवळा, आणि त्याच सुतावर थोडं लोखंडाचं पाणी फिरवलं की हिरवट करडा. लोखंडाचं पाणी म्हणजे गंजके खिळे, गूळ आणि पाणी एका मडक्यात झाकून ठेवायचं. दोन-तीन आठवड्यांनी त्याला आंबूस वास येतो आणि वर साय धरते. हिरड्याच्या सुतावर हेच पाणी घातलं की काळा होतो. पण लोखंड जास्त झालं तर धागा कुजतो, म्हणून ते चमच्याने मोजून घालायचं आणि नंतर सूत तीनदा धुवायचं. क्रोमचे क्षार आम्ही कार्यशाळेत आणतच नाही. रंग कितीही खुलत असला तरी ते विषारी आहेत, आणि आमचं सांडपाणी परसातल्या केळीला जातं.

दुसरा दिवस पूर्ण निळीचा. बाकीचे रंग पाण्यात विरघळतात, नीळ विरघळत नाही. चुना आणि गूळ घालून हंडा झाकून ठेवला की त्यातला प्राणवायू संपतो, आणि मग नीळ पिवळट हिरवी होऊन पाण्यात उतरते. दक्षिणेत या हंड्यात टाकळ्याचं बी घालायची जुनी रीत आहे. तोच टाकळा, ज्याची कोवळी भाजी आपण पहिल्या पावसात खातो. सूत हंड्यातून बाहेर काढलं की हिरवं दिसतं आणि हवा लागताच डोळ्यांसमोर निळं होत जातं. या क्षणाला तुकडीतलं बोलणं थांबतं. आम्ही हे शेकडो वेळा पाहिलंय, तरी आम्हीही थांबतो. गडद निळा हवा असेल तर एकाच वेळी जास्त वेळ बुडवून उपयोग नाही. थोडा वेळ बुडवणं, हवा देणं, परत बुडवणं, असं सहा-सात वेळा. १८९७ साली जर्मनीतून कारखान्याची नीळ बाजारात आली आणि पुढे आपल्याकडची निळीची शेती ओस पडली. आमच्या हंड्यात मात्र पानांपासून केलेलीच नीळ असते.

निळीचं कापड पहिल्या काही धुण्यांत हाताला लागेल. रंग कच्चा आहे म्हणून ते परत आणू नका. नीळ धाग्याला वरून धरून बसते, तिचे सुटे कण निघून जातात आणि उरलेला रंग अनेक वर्षं राहतो.

विणाई

तीन दिवसांत तुम्ही छोट्या हातमागावर एक पट्टी विणता, पन्हा २५ सेंटिमीटर, लांबी जमेल तेवढी. यातला पहिला दिवस आणि दुसऱ्याची सकाळ विणण्यात जातच नाही. ताणा मोजायचा, मागावर चढवायचा, आणि एकेक धागा आधी वहीतून (धागे वर-खाली उचलणाऱ्या दोऱ्यांच्या चौकटीतून), मग फणीतून ओवायचा. विट्याकडून आलेल्यांना हे ओळखीचं असतं. तिथे यंत्रमागाच्या शेडमध्ये वहिफणीचं काम हाताने करणारे वेगळे कामगार असतात आणि बाण्याच्या कांड्या भरणारे वेगळे. आमच्याकडे दोन्ही कामं तुमचीच. एक धागा चुकीच्या घरातून गेला तर कापडभर त्याची रेघ दिसते, आणि ती काढायची तर मागे जाऊन सगळं पुन्हा ओवावं लागतं. आम्ही ते ओवायला लावतो. दुसऱ्या दिवशी दुपारी जेव्हा पावडीवर पाय पडतो, ताणा उघडतो आणि धोटा पलीकडे जातो, तेव्हा सकाळचा कंटाळा कुठल्या कुठे जातो.

खड्डामाग आता आमच्याकडे नाही. आधी होता, सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर. ऑगस्ट २०१९च्या पुरात कृष्णेचं पाणी आत आलं, लाकूड फुगून तडकलं आणि फण्या गंजल्या. त्यानंतर आम्ही वरच्या मजल्यावर आलो, आणि वरच्या मजल्यावर खड्डा खणता येत नाही. ज्यांना घोंगड्याचं विणकाम बघायचं असेल त्यांना आम्ही जत तालुक्यात एका सणगर मामांच्या घरी घेऊन जातो. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली खळ ते लोकरीच्या ताण्यावर कुंच्याने फिरवतात, सगळी लव एका दिशेला बसते आणि ताणा उन्हात कडक होतो. नवं घोंगडं टोचतं ते त्या खळीमुळेही, वापरता वापरता ते मऊ पडतं. आरेवाडीच्या बिरोबाला जाणाऱ्यांच्या खांद्यावर ते आजही दिसतं. मामांच्या घरी फोटो काढायचे असतील तर आधी विचारा, आणि घोंगडं आवडलं तर त्यांनी सांगितलेल्या किमतीत घासाघीस करू नका. तेवढी विनंती आहे.

वाकळ आणि दोर

वाकळीला येताना घरातली दोन जुनी सुती लुगडी आणा, आईची किंवा आजीची असली तर फारच छान. नायलॉनची नकोत, सुई घसरते. अर्ध्या दिवसात बाळाच्या वाकळीचा एक कोपरा होतो, बाकी घरी.

दोराची कार्यशाळा लहान मुलांसाठी सगळ्यात चांगली. घायपाताचा वाख (पानातले तंतू) पाण्यात भिजवून मांडीवर वळायचा: दोन पदर एका दिशेने पिळायचे आणि दोन्ही एकत्र उलट दिशेने. उलट पिळामुळे दोर सुटत नाही. कताईच्या वर्गात दिवसभर सांगून जे कळत नाही ते इथे दहा वर्षांच्या पोराला तासाभरात कळतं. बेंदराच्या आधीच्या रविवारी आम्ही कासरे आणि म्होरक्या वळतो. त्या दिवशी शेतकरी घरातल्या मुलांकडून फी घेत नाही.

येताना

नखं कापून या, बांगड्या आणि अंगठ्या घरी ठेवा, धागे अडकतात. रंगाईला जुने कपडे. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी कताईला येण्याआधी सांगा, पिंजताना बारीक धूळ उडते. तुम्हाला आम्ही पिंजलेले पेळू देऊ आणि खिडकीजवळ बसवू. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरचा माग आहे, पण जिना मात्र चढावा लागेल. रंगाईची भांडी स्वयंपाकाची कधीच नसतात, घरी करून पाहाल तेव्हाही हा नियम पाळा. सामान, चहा आणि दुपारची भाकरी फीमध्ये धरली आहे.

रंगाई दिवाळीनंतर होळीपर्यंत ठेवतो. पळसाची फुलं हवी असतील तर होळीच्या आसपासची तुकडी धरा, तेव्हाच ती ताजी मिळतात. पावसाळ्यात सूत वाळत नाही, पण दमट हवेत कापूस कमी तुटतो, म्हणून जून ते सप्टेंबर कताई जास्त. विणाई बाराही महिने.

काही कारणाने येणं जमलं नाही तर दोन दिवस आधी कळवा, पैसे पुढच्या तुकडीला धरू. आणि तुमचं जाड-बारीक, गाठीगाठीचं पहिलं सूत टाकून देऊ नका. विणाईला येताल तेव्हा ते घेऊन या, त्याचा बाणा आम्ही तुमच्याच पट्टीत घालून देतो.