दाखल्याचा पडदा : सहरावी छावणीतल्या चित्रपट महोत्सवामागचा इतिहास

दाखला नावाची दोन गावं आहेत. एक पश्चिम सहारात, अटलांटिकच्या काठावर, समुद्रात शिरलेल्या चिंचोळ्या भूशिरावर. तिथे मासेमारीचं बंदर आहे आणि वारा भरपूर असल्यामुळे पतंगाच्या जोरावर लाटांवरून घसरायला युरोपातले हौशी लोक येतात. दुसरं अल्जीरियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, तिंदुफ शहरापासून सुमारे दीडशे किलोमीटर आत. तिथे समुद्र तर नाहीच, पण चित्रातल्यासारख्या वाळूच्या लाटाही फारशा नाहीत. आहे ती 'हमादा', म्हणजे खडकाळ, सपाट, उन्हाळ्यात पन्नाशी गाठणारी जमीन. पहिल्या गावाच्या मुलखातून निघालेल्या सहरावी, म्हणजे पश्चिम सहाराच्या मूळ रहिवासी, निर्वासितांनी आपल्या छावणीला मागे राहिलेल्या गावाचं नाव दिलं. याच दुसऱ्या दाखल्यात 'फिसहारा', म्हणजे सहारा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, अनेक वर्षं भरत आला.

पश्चिम सहारा 1884 पासून स्पेनच्या ताब्यात होता. 1973 च्या मे महिन्यात पोलिसारिओ आघाडी, म्हणजे सहरावींची स्वातंत्र्य चळवळ, स्थापन झाली. 1974 मध्ये स्पेनने तिथे शिरगणती केली आणि 73,497 सहरावींची नोंद झाली. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्यावरूनच सगळं अडलं. 16 ऑक्टोबर 1975 रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं, की मोरोक्को किंवा मॉरिटानियाचे या प्रदेशाशी काही जुने संबंध असले, तरी त्यांतून सार्वभौमत्व सिद्ध होत नाही आणि इथल्या लोकांचा स्वयंनिर्णयाचा हक्क त्यामुळे बाधित होत नाही. तीन आठवड्यांत, 6 नोव्हेंबरला, मोरोक्कोने साडेतीन लाख नागरिकांचा 'हरित मोर्चा' सीमेवर धाडला. 14 नोव्हेंबरला माद्रिदमध्ये करार झाला आणि स्पेनने प्रदेश मोरोक्को व मॉरिटानियाच्या हाती सोपवला. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको तेव्हा मरणपंथाला लागला होता, माद्रिदला वसाहतीसाठी लढण्यात रस नव्हता.

माणसं पूर्वेकडे निघाली. वाटेत उम द्रैगासारख्या तळांवर 1976 च्या फेब्रुवारीत मोरोक्कोचे बाँब पडले. 27 फेब्रुवारी 1976 ला बीर लहलू इथे सहरावी अरब लोकशाही प्रजासत्ताकाची घोषणा झाली. भारताने या प्रजासत्ताकाला 1985 मध्ये मान्यता दिली होती आणि 2000 मध्ये ती काढून घेतली; आपल्याकडे ही गोष्ट फारशी कुणाला आठवत नाही.

तिंदुफभोवती पाच छावण्या आहेत: एल आयून, औसेर्द, स्मारा, दाखला आणि बुजदूर. पाचही नावं मागे सुटलेल्या गावांची. प्रशासनाचा कारभार राबुनीतून चालतो. छावणीला 'विलाया' म्हणतात आणि तिच्या पोटविभागाला 'दाइरा'. आपली विलायत आणि आपला दायरा त्याच अरबी मुळांतून आले, त्यामुळे हे शब्द मराठी कानाला परके वाटू नयेत. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने 2017 च्या अखेरीस इथली लोकसंख्या 1,73,600 धरली. सुरुवातीची वर्षं पुरुष युद्धावर होते, त्यामुळे तंबू उभारण्यापासून शाळा, दवाखाने, शिध्याची वाटणी चालवण्यापर्यंत सगळं बायकांनी केलं. महोत्सवात पाहुण्यांची व्यवस्था घरोघरच्या बायकांच्या हाती असते, त्याचं मूळ इथे आहे.

मोरोक्को आणि पोलिसारिओ यांच्यातल्या युद्धात 6 सप्टेंबर 1991 ला युद्धबंदी झाली आणि स्वातंत्र्य की मोरोक्कोत विलीनीकरण, यावर सार्वमताचं आश्वासन मिळालं. मतदार कोण, हा प्रश्न आला. संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने 1994 पासून ओळखपडताळणी सुरू केली. कागदपत्रं जवळजवळ नव्हतीच. म्हणून अर्जदार समोर उभा राहायचा आणि त्याच्या टोळीचे दोन शेख, एक मोरोक्कोच्या बाजूचा आणि एक पोलिसारिओच्या बाजूचा, तोंडी साक्ष द्यायचे. हा अमक्याचा मुलगा, अमक्या विहिरीवरचा. दोघांचं जमलं नाही की अर्ज लोंबकळायचा. 2000 च्या सुरुवातीला यादी लागली: 86,386 पात्र मतदार. 1974 च्या शिरगणतीच्या जवळ जाणारी ही यादी मोरोक्कोला परवडणारी नव्हती. अपिलं सव्वा लाखावर गेली आणि सार्वमत आजवर झालेलं नाही. ज्या लोकांचं अख्खं राजकारण 'दाखला दाखवा' या एका मागणीवर अडकलं, त्यांच्या छावणीचं नाव दाखला असावं, हा योगायोग फक्त मराठीतच जमतो.

महोत्सव जन्मला तो या कोंडीत. युद्ध चालू असताना बातमीदार येत होते. युद्धबंदीनंतर दाखवण्यासारखं काही 'घडत' नव्हतं, म्हणून कॅमेरे गेले. 2003 मध्ये पेरूचे माहितीपटकार हाविएर कोर्कुएरा यांनी पुढाकार घेतला आणि पहिला फिसहारा स्मारा छावणीत भरला. त्याच वर्षी फेब्रुवारीत स्पेनच्या गोया पुरस्कार सोहळ्यात कलावंतांनी इराक युद्धाविरुद्ध उघड आवाज उठवला होता. स्पॅनिश सिनेमावाले राजकीय बोलायला कचरत नव्हते, ते वारं महोत्सवाला मिळालं. दुसरा आधार जुना होता. 'शांततेतली सुट्टी' या उपक्रमात सहरावी मुलं उन्हाळ्यात स्पॅनिश कुटुंबांकडे राहायला जात. त्यामुळे स्पेनच्या गावोगावी अशी घरं होती, जिथल्या लोकांना तिंदुफ नकाशात शोधावं लागत नव्हतं. पाहुणे हॉटेलात न राहता छावणीतल्या घरातच राहतात, ती रीत याच देवाणघेवाणीची उलटी बाजू आहे. तशीही तिथे हॉटेलं नाहीत.

सुरुवातीनंतर महोत्सव दाखल्यात स्थिरावला. पाचही छावण्यांत ही सगळ्यांत लांबची, म्हणून मदत आणि पाहुणे सगळ्यांत कमी पोहोचायचे. तिला निवडण्यामागे हेच कारण होतं. तिथलं भूजल तुलनेने वर असल्यामुळे थोडी खजुराची झाडं आणि भाजीचे वाफेही दिसतात. अंतराची किंमत मात्र मोठी आहे. माद्रिदहून खास विमान तिंदुफला उतरतं, तिथून बस आणि गाड्यांचा ताफा निघतो. ऑक्टोबर 2011 मध्ये राबुनीतून तीन युरोपीय मदत-कार्यकर्त्यांचं अपहरण झाल्यापासून हा प्रवास सशस्त्र पहाऱ्यात होतो. आठवड्याचं सगळं सामान एकाच खेपेत यायला हवं. विसरलेली केबल म्हणजे विसरलेली केबल, दुकान नाही.

पाण्याचा हिशेब त्याहून कडक. छावण्यांना पाणी टँकरने किंवा नळकोंडाळ्यांवरून मिळतं. माणशी रोज 20 लिटर हे मानक, आणि पुष्कळदा तेवढंही पुरत नाही. पाच जणांच्या घरात चार पाहुणे उतरले तर ते पाणी नऊ जणांत जातं. म्हणून यजमान कुटुंबांना महोत्सवाकडून शिधा द्यावा लागतो आणि पाण्याची जादा सोय करावी लागते. हे चुकलं तर महोत्सव छावणीवर भार होतो, पडद्यावर काहीही दाखवा.

आता पडदा. दाखल्यातला मोठा पडदा एका लांब मालट्रकच्या कुशीला लावला जायचा. मराठी वाचकाला जत्रेतल्या तंबू-टॉकीजचा ट्रक आठवेल. काम तेच, फक्त इथे तंबूची कनातही नाही. ट्रकच का, याचं उत्तर वाऱ्यात आहे. समजा पडदा 10 मीटर रुंद आणि साडेपाच मीटर उंच आहे, म्हणजे 55 चौरस मीटर. सेकंदाला 15 मीटर वेगाचा वारा समोरून लागला तर दर चौरस मीटरवर साधारण 14 किलो दाब येतो, म्हणजे पडद्यावर पाऊण टनाहून जास्त. वेग 20 मीटर झाला की दाब वेगाच्या वर्गाने वाढून पावणेदोनपट होतो, सुमारे 1,350 किलो. हमादाचा वरचा थर कडक आणि खाली मुरमाड-भुसभुशीत. खुंटी ठोकताना जागेवर बसल्यासारखी वाटते आणि दोर ताणला की उपटून येते. भरलेला ट्रक मात्र हलत नाही. तरीही वारा वाढला की पडदा उतरवायचा, हा निर्णय घेणारा माणूस आधीच ठरलेला असावा लागतो. वादळ दिसायला लागल्यावर बैठक घ्यायला वेळ नसतो.

अंधार ही इथली श्रीमंती. तेवढ्या पडद्याला 10 हजार ल्युमेनच्या आसपासचा प्रोजेक्टर पुरतो, कारण आजूबाजूला शहराचा उजेड नाही. पौर्णिमेनेही चित्र फिकं पडत नाही. फिकं पडतं ते उशिरा आलेल्या जीपच्या दिव्यांनी, म्हणून गाड्यांची वाट पडद्यामागून काढावी. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासात खेळ सुरू करता येतो.

प्रोजेक्टर बिघडतो तो धुळीने. इथली धूळ पिठासारखी बारीक असते. गाळणी भरली की हवा आत जात नाही, तापमान वाढतं आणि यंत्र ऐन खेळात स्वतःहून बंद पडतं. दिवसातून दोनदा गाळणी झटकावी लागते, तीही प्रोजेक्टरपासून लांब, वारा जिकडे वाहतो त्या बाजूला. भिंगावर कोरडं फडकं फिरवलं तर ओरखडे कायमचे. आधी फुंकणीने धूळ उडवायची, मगच कापड. ओलं फडकं बांधून धूळ अडवायचा उपाय सुचतोच, पण ओल्यावर धूळ चिकटून चिखल होतो आणि हवा आणखी कोंडते.

वीज जनरेटरची. प्रोजेक्टर आणि ध्वनी मिळून पाच-सहा किलोवॅट लागतात, पण त्याच तारेवर कुणी फ्रीज जोडला तर तो सुरू होताना दाब कोसळतो. दिव्याच्या प्रोजेक्टरला तर अचानक वीज जाणं फार महागात पडतं: पंखा थांबतो, तापलेला दिवा थंड होत नाही आणि फुटू शकतो. म्हणून प्रोजेक्टरपुरता तरी बॅटरीचा आधार हवा. जनरेटर पडद्यापासून लांब, वारा जिकडे वाहतो त्या बाजूला ठेवायचा, नाहीतर संवाद ऐकूच येत नाहीत. मोकळ्यावर भिंती नसल्यामुळे आवाज परतून येत नाही. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल गेले.

एक घोटाळा अगदी कागदी आहे. चित्रपटगृहांसाठीच्या कुलूपबंद डिजिटल फाइलला किल्ली लागते. ती एका ठरावीक सर्व्हरपुरती आणि ठरावीक तासांपुरतीच चालते. वादळामुळे बुधवारचा खेळ शुक्रवारी ढकलला आणि किल्लीची मुदत गुरुवारी संपली, तर वाळवंटात नवी किल्ली मागवणार कुठून? शहाणपण एवढंच, की वितरकाकडून बिनकुलपाची प्रत घ्यायची, नाहीतर मुदत आठवडाभर पुढे-मागे मागायची.

भाषेचा प्रश्नही इतिहासातून आलेला. लोक हसानिया अरबी बोलतात. शाळेत अरबीसोबत स्पॅनिश शिकवतात, आणि कित्येकांनी क्यूबात राहून शिक्षण घेतलं आहे. तरुणांना स्पॅनिश चित्रपट कळतो, आजीला कळत नाही, आणि बरीच म्हातारी माणसं उपशीर्षकं वाचत नाहीत. शिवाय पुढच्या सतरंज्यांवर पोरं असतात; त्यांची सलग टकळी चालू. अशा प्रेक्षकांपुढे संथ, बोलका चित्रपट रात्री उशिरा लावणं म्हणजे रिकामी वाळू पाहणं.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाला मिळते खरीखुरी पांढरी सांडणी. उंटांवर जगलेल्या भटक्या समाजात त्याहून मोठं बक्षीस काय द्यायचं? विजेता ती विमानात घालून नेऊ शकत नाही, म्हणून ती छावणीतल्या कुटुंबाकडेच राहते. परदेशी वृत्तपत्रांना या सांडणीचं फार कौतुक, आणि आमच्या मते ते जरा जास्तच आहे. महोत्सवाचं खरं फलित वेगळं. सुरुवातीच्या वर्षांत पाहुणे येऊन निर्वासितांवर चित्रपट करून जायचे. महोत्सवातल्या कार्यशाळांमधून हळूहळू छावणीतली मुलं कॅमेरा धरू लागली आणि त्यातूनच अबिदीन काइद सालेह दृक्‌श्राव्य शाळा उभी राहिली, आजच्या बुजदूर छावणीत. एका आठवड्याच्या उत्सवाला वर्षभर चालणारं घर मिळालं. पाहुण्यांच्या माहितीपटांपेक्षा या शाळेतल्या मुलांचे छोटे चित्रपट बघायला छावणीतल्या लोकांनी जास्त गर्दी केली, तर नवल नाही. पडद्यावर शेजारी दिसतो.

ऑक्टोबर 2015 च्या पावसाने छावण्यांतली हजारो घरं पाडली. घरं कच्च्या, न भाजलेल्या विटांची. पाणी मुरलं की तळापासून विरघळतात. दाखल्याला सगळ्यांत जास्त फटका बसला. पुढची संकटं राजकीय. 13 नोव्हेंबर 2020 ला मॉरिटानियाच्या सीमेवरच्या गेर्गेरात नाक्याजवळ मोरोक्कोचं सैन्य शिरल्यानंतर पोलिसारिओने युद्धबंदी संपल्याचं जाहीर केलं. 18 मार्च 2022 ला स्पेनच्या सरकारने मोरोक्कोच्या स्वायत्तता योजनेला, म्हणजे प्रदेश मोरोक्कोकडेच ठेवून स्थानिक कारभार देण्याच्या प्रस्तावाला, पाठिंबा दिला. ज्या देशातून महोत्सवाचे बहुतेक पाहुणे आणि पैसा यायचा, त्याच देशाच्या सरकारने भूमिका बदलली. महामारीच्या खंडानंतर त्याच ऑक्टोबरमध्ये महोत्सव पुन्हा भरला, या वेळी औसेर्द छावणीत.

जुलै 2025 मध्ये फिसहाराचं नाव पुन्हा जगभर आलं, ते दुसऱ्या दाखल्यामुळे. क्रिस्टोफर नोलन यांच्या 'द ओडिसी' या चित्रपटाचं काही चित्रीकरण समुद्रकाठच्या दाखल्यात झालं. महोत्सवाने जाहीर आक्षेप घेतला: मोरोक्कोच्या ताब्यातल्या या प्रदेशात सहरावी पत्रकारांना कॅमेरा उचलायचा म्हणजे अटकेची जोखीम घ्यावी लागते, आणि तिथेच परदेशी पथकाला मुभा मिळते. 'ओडिसी' ही तर वर्षानुवर्षं घराकडे परतू पाहणाऱ्या माणसाची कथा. छावणीतल्या दाखल्याचे लोक 1975-76 पासून त्या समुद्रकाठी गेलेले नाहीत; मध्ये मोरोक्कोने उभारलेला सुमारे 2,700 किलोमीटरचा बांध आहे आणि त्याच्या भोवती पेरलेले सुरुंग.