नुनावुतमधील प्रौढशिक्षण

कॅनडाच्या उत्तरेकडील नुनावुत या प्रदेशात वस्तीगणिक चालणारी प्रौढांच्या शिक्षणाची व्यवस्था. नुनावुत १ एप्रिल १९९९ रोजी वेगळा प्रदेश झाला. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट. लोकसंख्या मात्र २०२१ च्या जनगणनेत ३६,८५८, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. तीही २५ वस्त्यांत विखुरलेली, आणि एकीतून दुसरीत जायला रस्ता नाही. विमानाने जावे, नाहीतर उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावर बोटीने. साहजिकच इथे कॉलेजलाच वस्तीत यावे लागते.

नुनावुत आर्क्टिक कॉलेज १९९५ मध्ये जुन्या आर्क्टिक कॉलेजच्या विभाजनातून निघाले. इकालुइट, रँकिन इन्लेट आणि केंब्रिज बे येथे त्याची मोठी संकुले आहेत. इतरत्र छोटी सामुदायिक अध्ययन केंद्रे. लेखन-वाचन, गणित, अर्धवट राहिलेले माध्यमिक शिक्षण असे विषय तिथे चालतात.

अडचण केवळ अंतराची नाही. १९५०-६० च्या दशकांत इनुइट (इथले मूळ रहिवासी) कुटुंबे शिकारीचे तळ सोडून कायमच्या वस्त्यांत आली, आणि अनेक मुलांना घरापासून दूर निवासी शाळांत ठेवले गेले. तिथे मातृभाषा बोलायची चोरी होती. कॅनडाच्या पंतप्रधानांनी या शाळांबद्दल २००८ मध्ये संसदेत माफी मागितली, पण वर्गखोलीची धास्ती माफीने जात नाही.

म्हणून शाळेसारखे न दिसणारे शिक्षण इथे अधिक रुजते. इलिताक्सिनिक या साक्षरता संस्थेचा ‘मिक्कुत’ (सुई) हा उपक्रम त्याचा चांगला नमुना. जाणत्या बायका पारंपरिक शिवणकाम शिकवतात. साक्षरता त्या कामातच मुरवलेली असते. पाहून, करून, चुकून शिकण्याच्या या रीतीला इनुइट ‘पिलिम्माक्सार्निक’ म्हणतात. एकत्र शिवताना तरुण मुलींच्या कानांवर आजीच्या पिढीची इनुक्टिटुट ही इनुइटांची भाषा पडते, हा लाभ माझ्या मते प्रमाणपत्राहून मोठा.

इनुक्टिटुटची लिपी मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. अक्षराचे तोंड फिरवले की त्याचा स्वर बदलतो. जणू काना-मात्रेऐवजी अक्षरच कूस बदलते. तिचे मूळ जेम्स एव्हान्स या मिशनऱ्याने १८४० च्या सुमारास क्री भाषेसाठी केलेल्या लिपीत आहे, आणि त्या लिपीवर देवनागरीची छाप असावी असे काही अभ्यासक मानतात. पश्चिमेकडे केंब्रिज बे परिसरात मात्र इनुइन्नाक्तुन बोलली जाते आणि ती रोमन लिपीत लिहितात. त्यामुळे प्रदेशभर एकच पाठ्यपुस्तक चालत नाही.