हनुवटीवरचा मास्क

२०२०च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाबाहेर, दाराच्या चौकटीत ठोकलेल्या खिळ्याला एक निळा सर्जिकल मास्क टांगलेला असायचा. वर खडूने लिहिलेली पाटी: 'मास्क नाही, तर माल नाही.' मास्क विसरून आलेलं गिऱ्हाईक तो खिळ्यावरून काढायचं, कानाला अडकवायचं, पाव किलो रवा आणि काडेपेटी घ्यायचं आणि जाताना परत खिळ्याला लावून जायचं. मग पुढचं गिऱ्हाईक. एकच मास्क दिवसभरात किती तोंडांना लागत होता, देव जाणे. पण नियम म्हणाल तर अगदी काटेकोर पाळला जात होता.

तो मास्क विषाणूसाठी नव्हताच, तो पाटीसाठी होता. मुंबईत तेव्हा विनामास्क फिरणाऱ्याला दंड होता. पालिकेचा दंड करणारा मार्शल दिसला की हनुवटीवरचा मास्क झपकन नाकावर चढायचा आणि मार्शलची पाठ वळली की उतरायचा. याला बेशिस्त म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला मात्र त्यात साथीच्या काळातला सगळ्यात अवघड शास्त्रीय प्रश्न दिसतो. 'मास्कचा उपयोग होतो का?' असं आपण विचारतो तेव्हा खरं तर दोन प्रश्न एकात गुंडाळतो. नाकातोंडावर नीट बसलेला मास्क विषाणू अडवतो का, हा पहिला. लोकांना मास्क घालायला सांगितल्याने साथ कमी होते का, हा दुसरा. पहिला प्रश्न कापडाचा आहे, दुसरा माणसांचा. या दोहोंच्या मधे ती हनुवटी आहे.

कापडाचं आधी उरकून घेऊ, कारण पारावर सगळ्यात जास्त वाद त्यावरच झाले. 'विषाणू एवढा बारीक, मास्कची भोकं त्याच्या कितीतरी पट मोठी. कुंपणाच्या जाळीने डास अडतो का?' हा युक्तिवाद तुम्हीही ऐकला असेल. ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो मास्कला पिठाची चाळणी समजतो. करोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. तो एकटा उडत येत नाही. लाळेच्या, श्वासातल्या थेंबात किंवा त्या थेंबाच्या सुकलेल्या कणात बसून येतो. आणि मास्कमध्ये धाग्यांचे एकावर एक कसेही पसरलेले थर असतात. हवा त्यातून वाट काढत, वळणं घेत जाते. मोठ्या कणाला ते वळण जमत नाही, तो सरळ जाऊन धाग्यावर आदळतो. अगदी बारीक कणाला हवेचे रेणू सतत धक्के मारत असतात, त्यामुळे तो दारुड्यासारखा झोकांड्या खात जातो आणि कुठे ना कुठे धाग्याला चिकटतोच. म्हणजे फार मोठे अडतात आणि फार लहानही अडतात. निसटायला सगळ्यात सोयीचा कण मधल्या मापाचा, सुमारे ०.३ मायक्रॉनचा. म्हणून तर एन-९५ची परीक्षा त्याच मापाच्या कणांवर घेतात आणि त्यातले किमान ९५ टक्के अडले तरच ते नाव मिळतं. त्यात भर म्हणून एन-९५च्या धाग्यांवर कायमचा विद्युतभार दिलेला असतो. कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात, तसे कण ओढले जातात. (म्हणूनच त्यावर सॅनिटायझर मारणं हा शुद्ध वेडेपणा होता. अल्कोहोलने तो भार निघून जातो. माझ्या ओळखीतले निम्मे लोक तेच करत होते.)

कापडाची खरी अडचण भोकांची नाही, कडांची आहे. हवा आळशी असते, ती सोपी वाट धरते. चष्मेवाल्यांना हे कोणी समजावून सांगायला नको. काचेवर वाफ धरली, म्हणजे श्वास गाळून न जाता नाकाच्या बाजूने वर निसटतोय. बिनपैशाची इतकी चांगली तपासणी दुसरी नाही, पण लोकांनी त्यावर उपाय काढला तो मास्क नाकाखाली ओढण्याचा.

आता माणसांकडे येऊ. मास्क नेमका कोणासाठी? याचं उत्तर आपल्याकडे साथीच्या कितीतरी आधीपासून रस्त्यावर चालत होतं. स्थानकवासी आणि तेरापंथी जैन साधू-साध्वी तोंडाला मुहपत्ती बांधतात, ती स्वतःला धुळीपासून वाचवायला नाही. आपल्या श्वासाने, बोलण्याने हवेतल्या जीवांना इजा होऊ नये म्हणून. वर्तमानपत्रांनी मास्कला 'मुखपट्टी' हा प्रतिशब्द चालवला तेव्हा ते नकळत या अर्थाच्या फार जवळ गेले होते. करोनात लक्षणं दिसण्याआधीच माणूस इतरांना लागण देऊ शकतो, हे कळल्यावर मास्कचा मोठा उपयोग हाच ठरला: माझा मास्क तुझ्यासाठी.

पण हे सांगायच्या आत सांगणाऱ्यांनीच घोळ घातला होता. फेब्रुवारी २०२०च्या अखेरीस अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य सल्लागारांनी, लोकांना बजावलं की मास्क विकत घेऊ नका, सामान्य माणसाला त्याचा उपयोग नाही, डॉक्टर-नर्सना मात्र ते कमी पडतील. जे माझ्या उपयोगाचं नाही ते डॉक्टरच्या उपयोगाचं कसं, ही शंका शाळकरी पोरालाही आली असती. महिन्याभरात, ३ एप्रिलला, तिथल्याच रोगनियंत्रण केंद्राने कापडी मास्क घाला म्हटलं. जागतिक आरोग्य संघटना ५ जूनला त्या मताला आली. पुरावा बदलला की सल्ला बदलायचा, हे विज्ञानात रास्तच आहे. पण टंचाई होती हे सरळ न सांगता 'उपयोग नाही' असं सांगितलं, ती किंमत पुढे दोन वर्षं मोजावी लागली.

हा तमाशा पहिलाही नव्हता. २५ ऑक्टोबर १९१८ला, इन्फ्लुएंझाच्या साथीत, सॅन फ्रान्सिस्को शहराने मास्कसक्तीचा कायदा केला. पाच ते शंभर डॉलर दंड किंवा दहा दिवस कैद. सुरुवातीला उत्साह होता. महायुद्ध चालू होतं आणि मास्क घालणं देशभक्तीचं मानलं जाई. मग सिगारेटवाल्यांनी मास्कला झुरक्यापुरतं भोक पाडलं. मग बॉक्सिंगच्या सामन्याला महापौर जेम्स रॉल्फ विनामास्क बसलेले फोटोत सापडले आणि त्यांना पन्नास डॉलर दंड झाला. बरोबर शहराचे आरोग्य अधिकारी विल्यम हॅस्लर, म्हणजे सक्तीचा आग्रह धरणारे गृहस्थ स्वतः. त्यांना पाच डॉलर. २१ नोव्हेंबरला भर दुपारी भोंगा वाजला आणि लोकांनी मास्क रस्त्यावर भिरकावले. साथ उलटली, जानेवारीत सक्ती परत आली. या वेळी मात्र लोकांनी 'अँटी-मास्क लीग' काढली आणि तिच्या सभेला हजारो जमले. १ फेब्रुवारी १९१९ला सक्ती कायमची उठली.

विरोधकांचं सगळंच चुकत होतं असंही नाही. तेव्हाचे मास्क जाळीदार गॉजचे. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्यातल्या विल्फ्रेड केलॉग यांनी त्यांची प्रयोगशाळेत परीक्षा घेतली. १९२०मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा: काही उपयोग व्हावा इतके थर घातले तर श्वास घेणं जड जातं आणि हवा कडांनी निसटते. शंभर वर्षांपूर्वीची ती चष्म्यावरची वाफच.

सक्तीबद्दल आपल्या मनात जी अढी असते तिला आपलाही एक इतिहास आहे. मास्क न घालणाऱ्यावर २०२०मध्ये ज्या साथरोग कायद्याखाली कारवाई होत होती तो १८९७चा, मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी केलेला. त्याच वर्षी पुण्यात घरोघर गोरे सोल्जर घुसले आणि २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी चालली. पुढचं मराठी माणसाला सांगायला नको.

मग लोक मास्क घालतात तरी कशाने? याचं सगळ्यात चांगलं उत्तर बांगलादेशातून आलं आणि इथे मला जरा रेंगाळायचं आहे. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात तिथल्या ६०० गावांत, सुमारे ३ लाख ४२ हजार प्रौढांवर एक प्रचंड प्रयोग झाला. निम्म्या गावांत मोहीम, निम्म्यांत काही नाही, आणि कोणतं गाव कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलेलं. मास्क घालता का, असं संशोधकांनी कोणाला विचारलंच नाही. कारण त्याला सगळे 'हो'च म्हणतात. त्यांची माणसं बाजारात, चहाच्या टपरीजवळ, मशिदीबाहेर उभी राहून मोजायची: मास्क आहे का, आणि नाक-तोंड दोन्ही झाकलंय का. हनुवटीवरचा धरायचा नाही.

मोहीम नसलेल्या गावांत १३ टक्के लोक नीट मास्क घालत होते. मोहिमेच्या गावांत ४२ टक्के. हा फरक कशाने पडला यापेक्षा कशाने नाही पडला, हे जास्त मजेशीर आहे. मोबाइलवर आठवण करून देणारे संदेश: शून्य परिणाम. दारावर पाटी लावून घेणं: शून्य. गावाने चांगली कामगिरी केली तर पैसे किंवा प्रमाणपत्र: तेही शून्य. 'स्वतःला वाचवा' म्हणा की 'दुसऱ्याला वाचवा' म्हणा, फरक नाही. मुहपत्तीवर एवढा परिच्छेद खर्च केल्यावर हे वाचून माझा जरा हिरमोडच झाला. उपयोगी पडलेल्या गोष्टी साध्या निघाल्या. मास्क घरपोच आणि फुकट. इमाम आणि गावातली मानाची माणसं स्वतः घालून बोलणारी. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे रस्त्यात उभा राहून, दंड न करता, 'भाऊ, मास्क कुठाय? नसेल तर हा घ्या' म्हणणारा माणूस. आपल्या मार्शलचं आणि त्याचं काम बाहेरून पाहिलं तर एकच. एकाच्या हातात पावतीपुस्तक, दुसऱ्याच्या हातात मास्क.

'मास्क घातला की लोक निर्धास्त होतील आणि गर्दी करतील' या भीतीचाही तिथे निकाल लागला. मोहिमेच्या गावांत लोक अंतर उलट थोडं जास्त राखू लागले, २४ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर. रोगाचं म्हणाल तर जिथे सर्जिकल मास्क वाटले तिथे लक्षणं असलेली, रक्ततपासणीत सिद्ध झालेली लागण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होती. साठीच्या पुढच्यांत ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा कौल धूसर राहिला. हे आकडे सगळ्यांना मान्य नाहीत. रुग्णसंख्येतला प्रत्यक्ष फरक लहान होता आणि कुठल्या गावात मोहीम आहे हे मोजणाऱ्यांना दिसत होतं, असे आक्षेप आले आणि ते गैरलागू नाहीत. पण ४२ टक्के हा आकडाही लक्षात ठेवा. मोहिमेच्या गावांतही निम्म्याहून जास्त लोकांच्या नाकावर मास्क नव्हता.

असंच डेन्मार्कमध्ये. २०२०च्या वसंतात तिथे सुमारे सहा हजार लोकांपैकी निम्म्यांना घराबाहेर मास्क घालायला सांगितलं. महिन्याभरात त्यांच्यातल्या १.८ टक्क्यांना लागण झाली, न सांगितलेल्यांतल्या २.१ टक्क्यांना. फरक एवढा बारीक की योगायोगही असू शकतो. 'बघा, मास्क कुचकामी!' म्हणत हा आकडा जगभर फिरला. त्यासोबत जो फिरला नाही तो आकडा असा: सांगितलेल्यांपैकी केवळ ४६ टक्क्यांनी मास्क सांगितल्याप्रमाणे घातल्याचं म्हटलं होतं. शिवाय घालणाऱ्याच्या मास्कने दुसऱ्या कोणाची लागण टळली का, हे त्या प्रयोगात मोजलंच नव्हतं.

जपानमधली गोष्ट याच्या उलट्या टोकाची. तिथे मास्कसक्तीचा कायदा नव्हता तरी जवळजवळ सगळे घालत होते. २०२०मध्ये तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी कारणं शोधली तेव्हा 'मला रोग होऊ नये' किंवा 'दुसऱ्याला होऊ नये' यापेक्षा फार ठळक निघालं ते 'सगळे घालतात म्हणून'. हसू नका. पुण्यात दुचाकीवर निघालेली मुलगी डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळते, तो कोणत्या अधिसूचनेने? ऊन आहे, धूर आहे, हे खरंच. पण तेच ऊन आणि तोच धूर तिच्या शेजारी सिग्नलला उभ्या असलेल्या भावाच्याही तोंडावर येतो आणि तो उघड्या तोंडाने उभा असतो.

महाराष्ट्राने २ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, मास्क ऐच्छिक केला. जपान सरकारने १३ मार्च २०२३पासून 'ज्याचं त्याने ठरवावं' असं धोरण लागू केलं. आपल्याकडे शोभायात्रेत मास्क शोधावा लागत होता. टोकियोत कामाला निघालेल्यांच्या गर्दीत तो त्यानंतरही बहुतेकांच्या नाकावर होता.

जानेवारी २०२३मध्ये कॉक्रेन या नावाजलेल्या संस्थेचा आढावा आला, आजवरचे असे प्रयोग एकत्र मांडणारा. मास्कमुळे फारसा फरक पडल्याचं दिसत नाही, असा त्याचा सूर. लगेच मथळे झाले. मार्चमध्ये कॉक्रेनच्या मुख्य संपादिका कार्ला सोअर्स-वायझर यांना खुलासा करावा लागला की 'मास्क निरुपयोगी' हा अर्थ चुकीचा आहे. तपासलं होतं ते मास्क घालण्याच्या मोहिमांनी लागण कमी होते का, आणि त्याचंही उत्तर पक्कं मिळालेलं नाही.

म्हणजे तिथेही पुन्हा दुसराच प्रश्न तपासला गेला होता आणि उत्तर वाचलं गेलं पहिल्याचं. त्या आढाव्याच्या हिशेबात आमच्या दुकानाबाहेरचा खिळ्यावरचा मास्कही 'मास्क वापरला' याच रकान्यात गेला असता.